जात मोजायची कशाने?

समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत सिद्धांत एका प्रकरणात आणि संशोधनपद्धती दुसऱ्या प्रकरणात असते. जातीच्या अभ्यासाचा इतिहास पाहिला, तर ही फाळणी टिकत नाही. हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश अधिकाऱ्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लोकांची नाकं मोजवून घेतली. नाकाची रुंदी भागिले उंची, गुणिले शंभर. आकडा जितका मोठा तितकी जात खालची, असा त्याचा दावा. पुढे तो १९०१च्या जनगणनेचा आयुक्त झाल्यावर, जातीचं मूळ वंशात शोधणाऱ्या या दाव्याला सरकारी वजन आलं. पद्धत ही सिद्धांताची बटीकच असते, असं कुणी म्हणेल, आणि रिस्लेपुरतं ते बरंचसं खरं आहे: वंश मनात होता, म्हणून हातात मोजपट्टी आली. पण मोजमापं एकदा छापली गेली की ती मोजणाऱ्याच्या ताब्यात राहत नाहीत. मुंबई विद्यापीठातल्या गो. स. घुर्ये यांनी १९३२च्या ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’मध्ये तीच प्रांतवार तपासली. नाकांचा क्रम आणि जातींचा क्रम उत्तरेतल्या हिंदुस्थानी पट्ट्याबाहेर जुळतच नव्हता.

घुर्ये यांचा स्वतःचा भर मात्र ग्रंथांवर होता आणि ग्रंथांतून दिसते ती वर्णांची उतरंड. त्यांचे विद्यार्थी एम. एन. श्रीनिवास १९४८ साली म्हैसूरजवळच्या एका खेड्यात राहायला गेले. त्याला त्यांनी रामपुरा हे नाव दिलं. तिथे पाटीलकी ओक्कलिग या शेतकरी जातीकडे होती, बरीचशी जमीन त्यांची, माणसंही त्यांचीच जास्त. विधींत ब्राह्मण वर, पण भांडण मिटवायला लोक जात ते पाटलाच्या दारी. ‘प्रबळ जात’ ही संकल्पना या मुक्कामातून आली. पोथ्या चाळून ती हाती लागली नसती. एका गावावरून देश कसा कळणार, हा आक्षेप रास्त आहे, पण किती गावांत असं आहे, हे मोजण्याआधी काय मोजायचं ते सुचावं लागतं. मला जास्त गंभीर वाटतो तो दुसरा आक्षेप. श्रीनिवास ब्राह्मण, उतरले पाटलाच्या जागेत. गाव त्यांना वरच्या जातींच्या बाजूने दिसलं, हे त्यांनी ‘द रिमेम्बर्ड व्हिलेज’मध्ये (१९७६) मान्यही केलं. हाच मुक्काम दलित वस्तीत पडला असता, तर प्रबळ जातीच्या व्याख्येत जमीन आणि संख्येच्या बरोबरीने मारहाण आणि वेठही आली असती.