तरुण मुलींची देहप्रतिमा आणि आपली जबाबदारी

सोलापूर जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत विद्यार्थिनींची आरोग्य तपासणी चालू होती. वजनकाट्यापाशी बसलेला कर्मचारी प्रत्येकीचे वजन मोठ्याने पुकारीत होता व दुसरा ते नोंदवहीत लिहून घेत होता. रांगेतील मुली आकडा ऐकून एकमेकींकडे पाहून हसत होत्या. नववीतील एका मुलीचा आकडा पुकारला गेला तेव्हा हशा जरा मोठा झाला. ती खाली मान घालून वर्गात गेली आणि दुपारी तिने डबा उघडला नाही. तिच्या वर्गशिक्षिकेने हा प्रसंग प्रस्तुत लेखकास सांगितला. त्या म्हणाल्या, "तपासणी तिच्या प्रकृतीसाठीच होती, पण त्या दिवसापासून तिने जेवणच कमी केले."

या प्रसंगात कोणाचाही हेतू वाईट नव्हता. तरीही ज्या कामाने मुलीचे आरोग्य सुधारावयाचे, त्याच कामाने ते बिघडले. असे का व्हावे, हे समजून घेण्यासाठी मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी कोणते चित्र असते आणि ते कसे घडते, याचा विचार करणे अगत्याचे आहे.

देहप्रतिमा कशी घडते?

आपल्या शरीराविषयी मनात असलेल्या चित्राला मानसशास्त्रात देहप्रतिमा असे म्हणतात. हे चित्र आरशातील प्रतिबिंबासारखे नसते. एकाच बांध्याच्या दोन मुलींपैकी एक स्वतःविषयी समाधानी असते, तर दुसरी लोकांसमोर जाण्यास कचरते. हा फरक शरीरातून आलेला नसतो. तो अनुभवातून, इतरांच्या बोलण्यातून आणि तुलनेतून आलेला असतो. अभ्यासकांच्या मते घर, मैत्रिणी आणि प्रसारमाध्यमे ही देहप्रतिमा घडविणारी तीन मुख्य केंद्रे होत. त्यांनी ठरविलेले सौंदर्याचे माप मुलगी एकदा आपलेच म्हणून स्वीकारते, आणि मग तिला कोणी नावे ठेवण्याचीही गरज उरत नाही. ते काम ती स्वतःच करू लागते.

घरातील बोलणे

यांपैकी पहिले केंद्र घर होय. 'काळी', 'जाडी', 'काडी' ही नावे बहुधा लाडाने किंवा थट्टेने ठेवली जातात. मुलगी वयात येऊ लागली की त्याच शब्दांना लग्नाच्या काळजीची धार येते. उन्हात खेळू नकोस, रंग उतरेल. इतके खाऊ नकोस, स्थळ मिळणार नाही. अशा सूचना रोज कानी पडतात. आई स्वतःच्या रंगाला वा बांध्याला नावे ठेवीत असेल, तर मुलगी तेही शिकते.

याच सोलापूर जिल्ह्यातील पंढरपुरात सावळ्या विठ्ठलाचे रूप डोळे भरून पाहण्यासाठी दरवर्षी लाखो वारकरी पायी चालत येतात. देवाच्या सावळेपणाचे कौतुक करणारा समाज सुनेच्या सावळेपणावर मात्र बोट ठेवतो, ही विसंगती आपण क्वचितच लक्षात घेतो.

मुलगी 'पाहण्याचा' कार्यक्रम हे या दृष्टीचे उघड रूप आहे. बार्बरा फ्रेडरिकसन व टॉमी-अॅन रॉबर्ट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली असे प्रतिपादन केले की, ज्या समाजात स्त्रीकडे प्रथम शरीर म्हणून पाहिले जाते, तेथे स्त्रीही स्वतःकडे बाहेरून, प्रेक्षकाप्रमाणे पाहू लागते. आपण कसे दिसतो याची अखंड चौकशी मनात चालू राहते आणि अभ्यास, खेळ वा काम यांत लक्ष लागत नाही.

शिक्षणक्षेत्रही या दृष्टीपासून मुक्त राहिलेले नाही, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. आपल्या राज्याच्या इयत्ता बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकात हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीच्या कुरूपतेचा व अपंगत्वाचा समावेश करण्यात आला होता. २०१७ साली ही बाब उजेडात येताच राज्यभर टीका झाली व तो मजकूर वगळण्याचे जाहीर करण्यात आले. हुंडा देणे व घेणे १९६१ च्या कायद्याने गुन्हा आहे. त्या गुन्ह्याचे कारण मुलीच्या चेहऱ्यात शोधणे म्हणजे दोष घेणाऱ्यावरून काढून जिच्यावर अन्याय होतो तिच्यावर टाकणे होय.

बोलण्याचा परिणाम ओळखून प्रशासन काय करू शकते, याचे उदाहरण शेजारच्या सातारा जिल्ह्याने घालून दिले आहे. मुलगा हवा असताना झालेल्या मुलींना 'नकुशा' असे नाव ठेवण्याची प्रथा तेथे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये अशा दोनशेहून अधिक मुलींना समारंभपूर्वक नवी नावे देण्यात आली. दिवसातून अनेकदा ऐकू येणारा एक शब्द मुलीच्या मनात स्वतःविषयी काय रुजवितो, हे त्या मोहिमेने ओळखले होते.

तुलनेचा भार

माणूस स्वतःची पारख इतरांशी तुलना करून करतो, हा विचार लिऑन फेस्टिंगर यांनी १९५४ साली मांडला. पूर्वी ही तुलना गल्लीतील मैत्रिणींशी असे. जाहिरातींनी तिची कक्षा वाढविली. भारतात १९७५ साली बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली' या क्रीमच्या जाहिरातींनी गोरेपणाचा संबंध विवाहाशी व नोकरीशी जोडला. २०२० साली उत्पादकांनी नावातील 'फेअर' हा शब्द काढून टाकला. परंतु मधल्या ४५ वर्षांत दोन पिढ्या त्या जाहिराती पाहत वाढल्या होत्या.

माध्यमांचा प्रभाव किती वेगाने पडतो, हे प्रशांत महासागरातील फिजी बेटांवर दिसून आले. तेथे परंपरेने भरदार बांधा हे आरोग्याचे व सुस्थितीचे लक्षण मानले जाई. १९९५ साली एका भागात दूरचित्रवाणी प्रथमच पोहोचली. अॅन बेकर यांनी तेथील शाळकरी मुलींची त्या वर्षी व पुन्हा १९९८ साली पाहणी केली. खाण्याविषयीच्या विकृत वृत्तीची लक्षणे आढळलेल्या मुलींचे प्रमाण या तीन वर्षांत १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. आज तर मोबाईल प्रत्येकीच्या हाती आहे, आणि त्यावरील छायाचित्रे बहुधा रंग उजळ व चेहरा नितळ करूनच टाकलेली असतात. मुलगी आपल्या खऱ्या चेहऱ्याची तुलना अशा बनविलेल्या चेहऱ्याशी करते. त्या तुलनेत ती नेहमीच हरणार, हे उघड आहे.

असमाधानाचे परिणाम

थोडे बोलल्याने मुलगी प्रकृतीकडे लक्ष देईल, अशी अनेकांची समजूत असते. प्रत्यक्षात उलट घडते. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात किशोरवयीन मुलामुलींचा पाच वर्षे पाठपुरावा करण्यात आला. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात असे दिसले की, स्वतःच्या शरीराविषयी असमाधानी असलेल्या मुली पुढे उपासमार व इतर अपायकारक उपायांकडे अधिक वळल्या. ज्याची लाज वाटते त्याची निगा माणूस राखत नाही.

आपल्या राज्यात हा प्रश्न अधिक गंभीर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५७ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयोगटातील सुमारे २१ टक्के स्त्रियांचे वजन उंचीच्या मानाने कमी, तर सुमारे २३ टक्के स्त्रियांचे अधिक होते. म्हणजे 'काडी' आणि 'जाडी' हे दोन्ही शब्द बोचतील अशा मुली एकाच वर्गात बसलेल्या असतात. आधीच रक्त कमी असलेल्या मुलीने दिसण्यापायी जेवण टाकणे, ही केवळ मनाची बाब राहत नाही.

समाधानाचा पाया

समाधान वाढविणारे घटकही अभ्यासातून पुढे आले आहेत. स्वतःच्या योग्यतेविषयी विश्वास, घरातील आपुलकी, वयात येतानाच्या बदलांची आगाऊ व शास्त्रीय माहिती, आणि शरीर कसे दिसते यापेक्षा ते काय करू शकते याची जाणीव, हे त्यांतील प्रमुख होत. मासिक पाळीविषयी कोणी मोकळेपणाने सांगितलेले नसेल, तर मुलगी शरीरातील स्वाभाविक बदलाला दोष समजते.

सोलापुरात विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांच्या हातांवर संसार चालले आहेत. जिल्ह्यातील मिरे या गावच्या किरण नवगिरे यांनी मैदानी खेळांतून कमावलेल्या ताकदीच्या बळावर २०२२ साली देशांतर्गत टी-ट्वेंटी सामन्यात नाबाद १६२ धावा केल्या व त्याच वर्षी भारतीय संघातर्फे इंग्लंडविरुद्ध पदार्पण केले. बळकट खांदे हे वैगुण्य नसून सामर्थ्य आहे, हे सांगण्यास याहून जवळचे उदाहरण कोणते?

आपण काय करू शकतो?

यासाठी मोठा निधी लागत नाही. आरोग्य तपासणीत वजन व उंची आडोशाला घ्यावी, आकडा पुकारू नये, तो मुलीला व पालकांनाच सांगावा. शिक्षकांनी रंगावरून वा बांध्यावरून ठेवलेली नावे वर्गात चालू देऊ नयेत आणि स्वतःही वापरू नयेत. समारंभात स्वागतासाठी दिसण्यावरून मुली निवडण्याची पद्धत बंद करावी. खेळाच्या तासाला प्रत्येक मुलगी मैदानावर असावी. ग्रामपंचायतींनी महिला सभेत हा विषय घ्यावा व मुलींसाठी खेळाची जागा राखावी.

किशोरवयीनांसाठी शासकीय रुग्णालयांत मैत्री क्लिनिक चालविण्यात येतात. तेथे आहार, पाळी व मानसिक ताण यांविषयी सल्ला मिळतो. जेवण टाळणारी, एकाकी झालेली वा निराशेची भाषा बोलणारी मुलगी आढळल्यास वाट न पाहता तिला समुपदेशकाकडे न्यावे. टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक शाळेच्या फलकावर लिहिलेला असावा.

आरंभी उल्लेखिलेल्या शाळेत पुढील तपासणीच्या वेळी त्या वर्गशिक्षिकेने वजनकाटा ग्रंथालयाच्या खोलीत ठेवविला व मुलींना एकेक करून आत पाठविले. कामाला थोडा अधिक वेळ लागला. त्या दुपारी मात्र वर्गातील सर्व डबे उघडले गेले.