स्मार्ट प्लग व ॲप यांच्यातील संवाद : रिव्हर्स इंजिनिअरिंगच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना :
मोबाईलवरील ॲपच्या साहाय्याने दिवा, पंखा किंवा विजेचा प्लग चालू-बंद करणारी उपकरणे आता सामान्य घरांतही दिसू लागली आहेत. ॲपवरील बटण दाबल्यावर प्लगपर्यंत कोणता संदेश जातो आणि तो संदेश घरमालकाचाच आहे हे प्लग कसे ओळखतो, याची माहिती ग्राहकास सहसा मिळत नाही. तयार वस्तूचे निरीक्षण करून तिची अंतर्गत कार्यपद्धती शोधून काढणे यास रिव्हर्स इंजिनिअरिंग असे म्हणतात. टीपी-लिंक कंपनीच्या एचएस११० या स्मार्ट प्लगचा असा अभ्यास सॉफ्टशेक या जर्मन सुरक्षासंस्थेच्या संशोधकांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केला. प्रस्तुत लेखात त्याच प्लगच्या उदाहरणाद्वारे घरातील वाय-फाय जाळ्यात होणाऱ्या संवादाचे विवेचन केले आहे.

अभ्यासाची पद्धत :
अशा अभ्यासाचे साधारणतः तीन टप्पे असतात. प्रथम उपकरण कोणत्या क्रमांकाच्या पोर्टवर संदेश स्वीकारते हे तपासले जाते. एचएस११० हा प्लग ९९९९ क्रमांकाच्या पोर्टवर आज्ञा स्वीकारतो. दुसऱ्या टप्प्यात वायरशार्कसारख्या साधनाने ॲप व प्लग यांच्यातील संदेश टिपले जातात. येथे ते अक्षरशः अगम्य दिसले. तिसऱ्या टप्प्यात ॲपची संगणकीय संहिता वाचनीय स्वरूपात आणून संदेश झाकणारी क्रिया शोधण्यात आली.

संकेताचे स्वरूप :
मूळ संदेश जेसन या साध्या मजकूर-रचनेत असतो व त्याचा प्रारंभ महिरपी कंसाने होतो. हा मजकूर झाकण्यासाठी एक्सॉर ही क्रिया वापरलेली आहे. या क्रियेत दोन बिट भिन्न असल्यास १ आणि समान असल्यास ० मिळतो. प्रारंभीची किल्ली १७१ ही ठरलेली संख्या आहे. महिरपी कंसाचा संकेतांक १२३ आहे. १७१ (१०१०१०११) व १२३ (०११११०११) यांच्या एक्सॉरमधून २०८ (११०१००००) ही संख्या मिळते. हीच २०८ पुढील चिन्हाची किल्ली ठरते. पुढील चिन्ह अवतरणचिन्ह, म्हणजे ३४ असल्यास २४२ मिळते आणि ती त्यापुढील किल्ली होते.

या रचनेतील दोष येथेच स्पष्ट होतो. संदेश टिपणाऱ्याने २४२ व २०८ या लगतच्या दोन संख्यांचा एक्सॉर केला, की ३४ हे मूळ चिन्ह परत मिळते. म्हणजेच १७१ ही किल्ली केवळ पहिले चिन्ह झाकते. उर्वरित सर्व संदेशाची किल्ली त्या संदेशातच उघडपणे प्रवास करीत असते. शिवाय आज्ञा देणारा कोण आहे, याची पडताळणी या संवादात होत नाही. परिणामी त्याच वाय-फायवरील कोणतीही व्यक्ती प्लग चालू अथवा बंद करू शकते.

परिणाम व मर्यादा :
या ज्ञानाचा विधायक उपयोगही झाला. होम असिस्टंटसारख्या मुक्त प्रणालींना कंपनीच्या ॲपवाचून असे प्लग चालविता येऊ लागले. नंतरच्या काही उपकरणांत कंपनीने वापरकर्त्याची ओळख पडताळणारी पद्धत आणली. भारतीय कॉपीराइट कायदा, १९५७ मधील कलम ५२(१)(एबी) स्वतंत्रपणे तयार केलेल्या संगणक प्रणालीचा अन्य प्रणालींशी मेळ साधण्यासाठी आवश्यक व अन्यथा सहज उपलब्ध नसलेली माहिती मिळविण्याची मुभा संगणक प्रणालीच्या वैध धारकास देते. मात्र दुसऱ्याच्या उपकरणात वा जाळ्यात विनापरवाना प्रवेश करणे माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ४३ व ६६ च्या कक्षेत येते. म्हणून महाविद्यालयीन प्रयोगशाळेत असा प्रयोग स्वतःच्या उपकरणावर व स्वतंत्र जाळ्यावरच करणे इष्ट ठरते.

निष्कर्ष :
भाषेचे अध्यापक असलेल्या ऑगस्ट केर्कहॉफ्स यांनी १८८३ मध्ये असे तत्त्व मांडले की, संकेतपद्धती शत्रूच्या हाती पडली तरी तिची सुरक्षितता अबाधित राहिली पाहिजे. एचएस११० मधील संकेत या कसोटीस उतरत नाही, कारण त्याची पद्धत कळताच काहीही गुप्त राहत नाही. संदेश अगम्य दिसणे म्हणजे तो सुरक्षित असणे नव्हे. हा भेद विद्यार्थ्यांना केवळ व्याख्येने नव्हे, तर १७१, १२३ व २०८ या तीन संख्यांच्या आकडेमोडीने फळ्यावर दाखविता येतो, हे या उदाहरणाचे शैक्षणिक मूल्य होय.