अपघात परमुलखात, दावा मात्र भंडाऱ्यात!

धानाची कापणी आटोपली, चुरणे झाले, की आपल्या भंडारा जिल्ह्यातील वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. पवनी, लाखांदूर, साकोली, तुमसर, कोणत्याही बसस्थानकावर पाहा. बोचकी, पातेली आणि लहान पोरे घेऊन माणसे उभी दिसतील. कोणी नागपूरला, कोणी पुण्याला, तर कोणी थेट हैदराबादला निघालेला. शेती नाही, असली तर पोटापुरती नाही. तेव्हा कामामागे जावेच लागते. तेथील इमारती आणि पूल आपल्याच हातांनी उभे राहतात. परंतु त्याच कामावर सेंट्रिंग कोसळून, परांचीवरून पडून किंवा यंत्रात हात सापडून माणूस कायमचा अधू झाला, तर पुढे काय?

नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी आम्ही अशा घरी कागदपत्रे पाहावयास जात असतो. चित्र बहुधा एकच असते. अपघात झाला की ठेकेदार दोन-चार दिवस दवाखान्यात दिसतो. मग दहा-वीस हजार रुपये हातावर ठेवतो, एका कागदावर अंगठा घेतो आणि गावची गाडी धरून देतो. घरी आल्यावर खाटेवरचा माणूस म्हणतो, "आता काय करता भाऊ, काम तिकडे, ठेकेदार तिकडे, आपण इकडे." याच समजुतीमुळे हक्काचे लाखो रुपये बुडतात. ही समजूत चुकीची आहे, हे सांगण्यासाठीच हा लेख.

पहिली गोष्ट ही की नुकसानभरपाई म्हणजे ठेकेदाराची दया नव्हे. कामावरील अपघाताची भरपाई मालकाने द्यावी, असा कायदा आपल्या देशात १९२३ सालीच झाला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० या कायद्याने घेतली आहे. मूळ हक्क मात्र कायम आहेत. मालकाची चूक सिद्ध करण्याची गरज नाही. काम करीत असताना आणि कामामुळे इजा झाली, एवढे पुरे. मजुरीतून ई. एस. आय. ची वर्गणी कापली जात असेल, तर मात्र लाभ त्या योजनेतून मागावा लागतो. म्हणून ते आधी तपासावे.

दुसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. दावा अपघाताच्याच ठिकाणी लावला पाहिजे असे नाही. १९९५ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि कामगार किंवा त्याचे वारस जेथे राहतात तेथेही दावा लावण्याची मुभा मिळाली. पोटासाठी दूर गेलेल्या मजुराच्या कुटुंबाला परमुलखात खेटे घालणे परवडत नाही, म्हणूनच ही सोय आहे, असे सर्वोच्च न्यायालयानेही २००७ साली एका निकालात स्पष्ट केले. नव्या संहितेतही ती कायम आहे. हैदराबादच्या इमारतीवरून पडलेल्या लाखांदूरच्या माणसाचा दावा भंडारा जिल्ह्यात चालू शकतो. तिकडच्या अधिकाऱ्याला कळविण्याचे काम येथील अधिकारी करतो.

आता पैशाचा हिशोब पाहू. कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर महिन्याच्या मजुरीचे ६० टक्के घ्यावयाचे आणि वयानुसार ठरलेल्या आकड्याने गुणावयाचे. ३० वर्षांच्या माणसासाठी हा आकडा २०७.९८ आहे. त्याची मजुरी महिन्याला १२,००० रुपये असेल, तर ६० टक्के म्हणजे ७,२०० रुपये. गुणाकार केला की १४,९७,४५६ रुपये होतात. दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गेला, तर कायद्याच्या तक्त्यात ४० टक्के नुकसान धरले आहे. म्हणजे याच माणसाला सुमारे ५ लाख ९९ हजार. एका हाताचा अंगठा तुटला, तर ३० टक्के. इजा तक्त्यात नसेल, उदाहरणार्थ मणक्याची, तर कमाईची शक्ती किती गेली हे डॉक्टरच्या दाखल्यावरून ठरते. उपचारावर प्रत्यक्ष झालेला खर्च वेगळा मागता येतो. आता या रकमेशेजारी ठेकेदाराचे दहा-वीस हजार ठेवून पाहा!

टक्केवारीतही एक मेख आहे. दवाखान्याच्या दाखल्यावर शरीराचे अपंगत्व लिहिलेले असते. भरपाई मात्र कमाईची शक्ती किती गेली यावर ठरते. ओरिसात ६ जुलै १९६८ रोजी एक सुतार चित्रपटगृहाच्या नक्षीकामावर असताना खाली पडला आणि त्याचा डावा हात कोपराच्या वर कापावा लागला. सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून नुकसान पूर्ण १०० टक्के, असा निर्णय झाला आणि १९७५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. भरपाई देण्याची जबाबदारी अपघाताच्या दिवसापासूनच लागू होते, हेही त्याच निकालाने ठरविले. म्हणून गवंड्याने, सेंट्रिंगवाल्याने, रेती-विटा वाहणाऱ्या बाईने आपण कोणते काम करीत होतो आणि आता त्यातले काय होत नाही, हे दाव्यात नीट लिहून घ्यावे.

पैसे चुकविण्याच्या युक्त्या ठरलेल्या आहेत. एक, "मुकादम पळाला, आम्ही तुला ओळखत नाही." परंतु ठेकेदाराच्या मजुराची भरपाई ज्याचे काम चालले आहे त्या मुख्य मालकाकडून मागता येते; त्याने ती मागाहून ठेकेदाराकडून वसूल करावी. दोन, "तो दारू प्यायला होता." मृत्यू किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले असेल, तर ही सबब चालत नाही. तीन, "तुम्ही सही करून पैसे घेतले, आता संपले." हक्क सोडल्याचा असा करार कायद्याने रद्दच ठरतो. तडजोड करावयाची असेल तर ती सक्षम अधिकाऱ्याकडे नोंदवावी लागते. महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर मालकावर १२ टक्के व्याज बसते आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंडही बसू शकतो.

मोठी दुर्घटना झाली की सरकार मदत जाहीर करते. ३१ जुलै २०२३ च्या मध्यरात्री शहापूर तालुक्यातील सरळांबे येथे समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर बसविणारे यंत्र कोसळून २० जण दगावले. तेव्हा राज्य सरकारने मृतांच्या वारसांना ५ लाख आणि केंद्राने २ लाख रुपये जाहीर केले. अशी मदत जरूर घ्यावी. परंतु ती मालकाच्या भरपाईची जागा घेत नाही. तसेच महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाचे. नोंदणी असलेल्या कामगाराला ७५ टक्के किंवा अधिक कायमचे अपंगत्व आल्यास मंडळाकडून २ लाखांचे साहाय्य आहे. त्यासाठी आधी नोंदणी हवी आणि नोंदणीसाठी मागील वर्षात ९० दिवस बांधकामावर काम केल्याचा दाखला हवा. गाव सोडण्यापूर्वीच हे काम करावे. एकट्याने पडलेल्या मजुरासाठी कोणी मदत जाहीर करीत नाही. त्याला कायदाच आधार.

घरच्या आयाबहिणींना आमचे विशेष सांगणे आहे, कारण माणूस खाटेला खिळला की धावपळ तुमच्यावर येते. पहिल्या दवाखान्याचा पहिला कागद जपून ठेवा. अपघात कोठे व कसा झाला हे त्यावर लिहून घ्या. पोलिसांत नोंद झाली का, ते विचारा. सोबत काम करणाऱ्या दोघा-तिघांची नावे, गावे व फोन नंबर वहीत टिपा. हजेरीचे कार्ड, मजुरी जमा झाल्याचे मोबाइलवरील संदेश, कामाच्या जागेवरील फलकाचा फोटो, हे सारे पुरावे आहेत. ठेकेदाराला अपघाताची लेखी सूचना द्या आणि तिची प्रत ठेवा. दावा अपघातापासून दोन वर्षांच्या आत लावावा लागतो. बरे वाटण्याची वाट पाहण्यात ही मुदत घालवू नका.

वकिलाच्या फीची धास्ती नको. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे अनुसूचित जातीच्या व्यक्तींना, स्त्रियांना, अपंगांना आणि औद्योगिक कामगारांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्यांनाही १९९० पासून हा दर्जा आहे; जातीचा दाखला सोबत न्यावा. दावा कोणापुढे लावावयाचा, हे सरकारी कामगार अधिकाऱ्याच्या कार्यालयात विचारता येते.

आपल्या वस्तीत असा एखादा भाऊ किंवा बहीण अंथरुणावर पडून असेल, तर येत्या रविवारी त्यांच्या घरी जा. चौकशी करून चहा पिऊन परत येऊ नका. अपघाताची तारीख विचारा, दोन वर्षे पुरी व्हावयास किती दिवस उरले ते मोजा, आणि सोमवारी त्या घरच्या कोणाला तरी सोबत घेऊन भंडाऱ्याची गाडी धरा.