पंचांग, खाडी आणि जिताडा

अकोला-अमरावतीकडील वाचकांस खारें पाणी नवें नाहीं. पूर्णेच्या खोऱ्यांतील खारपाणपट्ट्यांत विहिरीचें पाणी तोंडांत धरवत नाहीं, हा अनुभव आपल्यापैकीं अनेकांस आहे. परंतु खारें पाणी हें असंख्य जीवांचें पाळणाघरही असूं शकतें, हें पाहावयाचें तर कोंकणांतील खाडीवरच गेलें पाहिजे. नोकरीनिमित्त मुंबईकडे राहणारे आपल्याकडील कांहीं तरुण आतां कयाक नांवाच्या होडींतून खाडींत गळ टाकावयास जातात. ज्या घरीं मासा शिजत नाहीं, तेथें हा छंद ऐकून भुंवया उंचावतील. म्हणून त्याचें स्वरूप येथें सांगण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कयाक ही मूळची उत्तर ध्रुवाकडील इन्युइट लोकांची कातड्याची चिंचोळी होडी. हल्लीं ती बहुधा प्लॅस्टिकची असते. ती वीतभर पाण्यांतही तरते व आवाज करीत नाहीं. गळास जिवंत आमिष न लावतां खोटी मासोळी बांधतात. फिनलंडांतील लौरी रापाला या मासेमाराच्या ध्यानांत आलें कीं, मोठा मासा कळपांतील अडखळत पोहणाऱ्या मासोळीवर झडप घालतो. १९३६ सालीं त्यानें बुचाची तशीच डुलणारी मासोळी कोरली आणि तिजवर चॉकलेटाची चांदी चढविली.

कोंकणच्या खाडींत अशा मासोळीला भुलणारा मासा म्हणजे जिताडा. त्याचें ठाणें कांदळवनांत असतें. तेथील तिवराचें झाड नको असलेलें मीठ पानांवाटे टाकतें आणि चिखलांतून वर आलेल्या मुळांनीं श्वास घेतें. भरतीचें पाणी चढलें कीं बारीक मासे व कोळंबी या मुळांच्या आश्रयास जातात. ओहोटी लागतांच त्यांना बाहेर पडावें लागतें आणि ओहोळाच्या तोंडाशीं जिताडा दबा धरून बसलेला असतो.

ही वेळ आपल्या घरच्या पंचांगावरूनही काढतां येते! तिथीची पाऊणपट केली कीं मुंबईच्या आसपासच्या पूर्ण भरतीची वेळ येते, असा दर्यावर्दी लोकांचा जुना ठोकताळा आहे. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. दोन्ही पक्षांत हिशेब एकच. पुढें सुमारें सहा तासांनीं पूर्ण ओहोटी. हा केवळ अदमास होय. निघण्यापूर्वीं भरती-ओहोटीचें छापील कोष्टक पाहावेंच. पाणी ओसरल्यावर होडी चिखलांत रुतली तर पायीं बाहेर पडणें जिवावरचें ठरतें. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत ओढही फार जोराची असते.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची. जिताडा बहुधा प्रथम नर असतो व कांहीं वर्षांनीं मादी होतो. अर्थात् ज्या प्रचंड माशाबरोबर छायाचित्र काढून घ्यावेंसें वाटतें, ती प्रायः लक्षावधि अंडीं घालणारी माता असते. गळाचा उलटा कांटा आधींच चेपून ठेवला व मासा पाण्यांतच सोडविला, तर तो जगण्याचा संभव अधिक. मुंबई उच्च न्यायालयानें २०१८ सालीं राज्यांतील कांदळवनें तोडण्यास मनाई केली. परंतु पाळणा राखून माता मारली तर काय साधलें?

तेव्हां घरांतील मुलगा वा पुतण्या खाडीवर निघाला, तर वडीलधाऱ्यांनीं त्यास नुसतें अडवूं नये. आज तिथि कोणती, ओहोटी केव्हां, अंगांत तरंगतें जाकीट घालणार ना, आणि मोठा मासा परत सोडणार ना, एवढें मात्र अवश्य विचारावें. ज्याला याचीं उत्तरें देतां येतील, त्याला खुशाल जाऊं द्यावें.