शेतातलं जंगल (९) : निलगिरीची दाटी, मातीचा हिशेब

मागच्या लेखात निलगिरी किती पाणी पिते ते पाहिलं. पाण्यावरून भांडायला आपल्याकडे सगळेच तयार असतात. ती मातीतून काय उचलते, हे फारसं कुणी विचारत नाही. त्याचं उत्तर बरंचसं दोन रोपांमधल्या अंतरात आहे.

१९८०च्या दशकात नाशिक भागात विनायकदादा पाटलांच्या पुढाकारानं निलगिरीची शेती रुजली. त्याच सुमारास गुजरात-हरियाणात बांधकामाच्या वाशांवर डोळा ठेवून अनेकांनी फार दाट लागवडी केल्या, काहींनी तर मीटर-मीटरवर. म्हणजे एकरी ४,००० झाडं! पुढे सगळ्यांचे वासे एकदम बाजारात आले आणि भाव कोसळले. ब्राझीलमध्ये कागदाच्या लगद्यासाठी ३×२ किंवा ३×३ मीटर अंतर नेहमीचं. एकरी साधारण ६७५ ते ४५० झाडं, तोडणी सहा-सात वर्षांनी.

रोपं दाट असली की फांद्या लवकर भिडतात. निलगिरीची खरी भूक पानांचा मांडव भरेपर्यंतच. नंतर ती काटकसरीनं राहते. पान गळण्याआधी त्यातलं बरंचसं नत्र, स्फुरद आणि पालाश काढून घेऊन नव्या पालवीला पुरवते. उरलेलं पाचोळ्यातून मातीत जातं. त्यामुळे खत सुरुवातीलाच द्यावं, आणि दाट लागवडीत तर आणखी लवकर. चौथ्या वर्षी युरिया टाकणारे भेटतात. तो पैसा सहसा वाया जातो.

ही काटकसर लाकडातही चालते. खोडाचा आतला भाग गाभा बनताना झाड त्यातलं स्फुरद आणि पालाश काढून घेतं. म्हणून गाभा भरलेल्या जाड ओंडक्याबरोबर टनामागे अन्नद्रव्यं कमी जातात. दाट लावून तीन-चार वर्षांत तोडलेला मनगटाएवढा वासा सोलून पाहा : गाभा नावापुरता, साल मात्र प्रमाणानं जास्त. आणि झाडातलं कॅल्शियम मोठ्या प्रमाणात सालीतच असतं. असे वासे सालीसकट ट्रकमध्ये भरले की शेताचा चुना लाकडाबरोबर फुकट गेला.

पालाशचं प्रकरण जरा नाजूक. साओ पावलो विद्यापीठाच्या इटाटिंगा केंद्रावर पालाश न मिळालेली झाडं खुंटली. मिळाला तिथे पानं वाढली, लाकूड वाढलं, आणि पाण्याचा खपही वाढला. कोरडवाहू रानात दाट लागवड आणि वर पालाशचा भरपूर डोस, हा माझ्या मते आतबट्ट्याचा व्यवहार आहे.

ब्राझीलमध्ये तोडणीयंत्रं बहुधा रानातच साल काढतात. फांद्या-पाला तिथेच पसरतो, जाळत नाहीत. आपल्याकडे त्यासाठी यंत्राची गरज नाही. व्यापाऱ्याशी सौदा ठरवताना साल शेतातच सोलायची आणि पाला शेतातच ठेवायची अट घाला, आणि ती कागदावर लिहून घ्या.

पुढच्या आठवड्यात सुबाभूळ.