दप्तरातलं इन्सुलिन

सकाळी प्रार्थना, मग कवायत, त्यानंतर ओळीने तीन तास आणि मग मधली सुट्टी. बहुतेक मुलांना या वेळापत्रकात फक्त भूक लागते. टाइप-१ मधुमेह असलेल्या मुलाला मात्र याच वेळापत्रकात रक्तातली साखर सांभाळायची असते.

हा मधुमेह गोड खाल्ल्याने होत नाही आणि तो संसर्गजन्यही नाही. शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी नष्ट करते. त्यामुळे बाहेरून इन्सुलिन घेणं हाच उपाय. बहुतेक मुलांना ते दिवसातून तीन-चार वेळा टोचून घ्यावं लागतं आणि दुपारचा डोस अनेकदा शाळेतच, डब्याआधी येतो.

शाळेत सर्वांत तातडीची अडचण म्हणजे साखर अचानक कमी होणं. डबा उशिरा खाल्ला किंवा मैदानावर जास्त धावपळ झाली की साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली जाऊ शकते. मूल घामेजतं, हात थरथरतात, चिडचिड होते, फळ्यावरचं समजेनासं होतं. शिक्षकांना वाटतं, लक्ष नाही. अशा वेळी तीन-चार चहाचे चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यात कालवून द्यावं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा साखर तपासावी. चॉकलेट उपयोगाचं नाही, कारण त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात हळू उतरते. मूल बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नये. कुशीवर वळवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. साखर कमी झालेल्या मुलाला एकट्याने ऑफिसात किंवा घरी पाठवणं धोक्याचं असतं.

शरीराची काळजी अशी शिकता येते. मनाची दुखणी मात्र सहज दिसत नाहीत. ‘तुला रोज सुई टोचतात?’, ‘तुझ्या डब्यातलं खाल्लं तर आम्हालाही होईल का?’ असे प्रश्न ऐकून मूल आजार लपवू लागतं. कुणी स्वच्छतागृहात जाऊन घाईघाईने इंजेक्शन घेतं, कुणी दुपारचा डोस चुकवतं. किशोरवयात ‘मी इतरांसारखाच’ हे दाखवण्याची ओढ मोठी असते. पण डोस चुकत गेले की साखर चढते, रक्तात कीटोन साचतात आणि जिवावर बेतू शकतं. या मुलांमध्ये नैराश्य आणि चिंतेचं प्रमाण इतरांपेक्षा अधिक आढळतं. म्हणून वाढलेल्या साखरेमागे पथ्य मोडलं असेल, तसं मन खचलेलंही असू शकतं.

शाळेला यासाठी फार खर्च येत नाही. वर्षाच्या सुरुवातीला पालकांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने एक पानभर सूचना लिहून द्याव्यात: डोसची वेळ, साखर कमी झाल्याची लक्षणं, उपाय, फोन नंबर. वर्गशिक्षक आणि खेळाचे शिक्षक या दोघांना त्या पाठ असाव्यात. इंजेक्शनसाठी स्वच्छ जागा, पाणी पिण्याची व लघवीला जाण्याची मुभा आणि टेबलाच्या खणात ग्लुकोजचा डबा एवढं पुरतं. खेळातून वगळू नये. खेळाआधी साखर तपासून गरजेप्रमाणे खाऊ द्यावा. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतही अशा विद्यार्थ्यांना खाऊ जवळ ठेवण्याची परवानगी दिली आहे.

वर्गात या आजाराबद्दल बोलायचं का, हे मुलाला विचारून ठरवावं. बोलायचं ठरलं तर विज्ञानाच्या तासाला सरळ, कीव न करता बोलावं. मूल सतत गप्प राहत असेल, डबा टाळत असेल, गैरहजेरी वाढली असेल तर पालक आणि डॉक्टरांना कळवावं. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या क्रमांकावर मोफत समुपदेशनही मिळतं.

शिक्षकांच्या नजरेचा आणखी एक उपयोग आहे. एखादं मूल अचानक वारंवार पाणी पिऊ लागलं, सारखं लघवीला जाऊ लागलं आणि गणवेश सैल झाला, तर त्याला शिक्षा करण्याआधी पालकांना त्याच दिवशी साखर तपासून घ्यायला सांगावं. निदान वेळेत झालं, तर अतिदक्षता विभागातला मुक्काम टळू शकतो.