टेस्टोस्टेरॉन कमी आलं. आजार आहेच का?

अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ३० ते ७९ वर्षं वयाच्या १,४७५ पुरुषांचं रक्त तपासलं, तेव्हा २४ टक्के जणांचं एकूण टेस्टोस्टेरॉन ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटरच्या खाली भरलं. म्हणजे जवळपास चौघांत एक. पण नुसती पातळी न पाहता तिच्याशी जुळणारा त्रासही आहे का, हे विचारल्यावर ही संख्या ५.६ टक्क्यांवर आली. हा अभ्यास २००७चा. २०१० मध्ये युरोपातल्या आठ केंद्रांवरच्या ३,३६९ पुरुषांची आकडेवारी आली. तिथे निकष आणखी कडक होते: एकूण आणि मुक्त टेस्टोस्टेरॉन दोन्ही कमी हवं आणि लैंगिक इच्छा घटणं, पहाटेची ताठरता कमी होणं, संभोगावेळी ताठरता न टिकणं ही तिन्ही लक्षणं हवीत. या कसोटीवर उतरले २.१ टक्के. चाळिशीतल्यांत हे प्रमाण ०.१ टक्का होतं, सत्तरीतल्यांत ५.१.

२४, ५.६ आणि २.१ या तीन आकड्यांमध्ये रिपोर्ट आणि निदान यांतलं अंतर दिसतं. आपल्याकडे ‘फुल बॉडी चेकअप’च्या अनेक पॅकेजांत ही तपासणी असते. रिपोर्टवर ठळक अक्षरांत ‘लो’ छापून आलं की माणूस हबकतो. थकवा आणि चिडचिड तर कामाच्या ताणाने, अपुऱ्या झोपेने, रक्तातली साखर वाढल्यानेही होते. त्यामुळे एवढ्यावरून दोष टेस्टोस्टेरॉनच्या माथी मारता येत नाही.

दिवसभरात हलणारा आकडा

टेस्टोस्टेरॉन सकाळी सर्वाधिक असतं आणि दिवस चढतो तसं उतरतं. ३० ते ४० वयाच्या पुरुषांत सकाळी आठच्या तुलनेत दुपारी चारची पातळी २० ते २५ टक्क्यांनी कमी आढळली आहे. सकाळी ३८० असलेला माणूस दुपारी ऑफिसातून सुटून लॅबमध्ये गेला, तर रिपोर्टवर ३००च्या आत दिसू शकतो. खाण्याचाही परिणाम होतो: ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर पातळी सरासरी २५ टक्क्यांनी घसरल्याचं एका अभ्यासात दिसलं. दहा निरोगी तरुणांना आठवडाभर रोज पाचच तास झोपू दिलं, तर दिवसाची पातळी १० ते १५ टक्क्यांनी उतरली. ताप किंवा मोठं आजारपण चालू असतानाही ती खाली जाते.

पहिल्या तपासणीत कमी आलेल्यांपैकी सुमारे ३० टक्के पुरुषांची पातळी दुसऱ्या वेळी नॉर्मल येऊ शकते. म्हणूनच सकाळी, उपाशीपोटी, वेगवेगळ्या दिवशी दोनदा रक्त द्यायचं. रात्रपाळी करणाऱ्यांनी झोपेच्या वेळा डॉक्टरांना आधीच सांगाव्यात.

रेषा कुठे आखायची?

अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशन ३०० ही सीमा मानते. एंडोक्राइन सोसायटीच्या २०१८च्या मार्गदर्शिकेत २६४चा आकडा आहे. तो १९ ते ३९ वयाच्या, लठ्ठ नसलेल्या निरोगी पुरुषांवरून काढलेला आहे. म्हणजे २८० पातळीचा माणूस एका रेषेच्या खाली आणि दुसऱ्या रेषेच्या वर. त्यात एककांचा घोळ असतो. ३०० नॅनोग्रॅम प्रति डेसीलिटर म्हणजेच ३ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि म्हणजेच १०.४ नॅनोमोल प्रति लिटर. दोन लॅबचे रिपोर्ट शेजारी ठेवताना आधी एकक बघा.

शिवाय रक्तातलं जेमतेम २ टक्के टेस्टोस्टेरॉन मोकळं असतं, उरलेलं प्रथिनांना चिकटलेलं असतं. त्यांतलं एक प्रथिन म्हणजे एसएचबीजी. लठ्ठपणात आणि टाइप २ मधुमेहात ते घटतं, त्यामुळे मुक्त टेस्टोस्टेरॉन ठीक असूनही एकूण आकडा कमी दिसू शकतो. रिपोर्ट सीमारेषेच्या आसपास असेल, तर एसएचबीजी मोजून मुक्त पातळी काढावी लागते.

पुढची पायरी: एलएच

दोन्ही वेळा कमी आलं, तर कारण शोधायचं. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी एलएच हे संप्रेरक सोडते आणि त्या हुकमावर वृषणं टेस्टोस्टेरॉन बनवतात. एलएच वाढलेलं असेल तर बिघाड वृषणांत आहे. ते कमी किंवा नॉर्मल असेल तर हुकूमच अपुरा पडतोय. त्यामागे पिट्युटरीतली गाठ, वाढलेलं प्रोलॅक्टिन, लठ्ठपणा, अफूजन्य वेदनाशामकं किंवा जिममध्ये घेतलेली स्टेरॉइड्स असू शकतात. पातळी १५०च्या खाली आणि एलएच वाढलेलं नसेल, तर पिट्युटरीचा एमआरआय सुचवला जातो. इथवर आलेल्या माणसाने एंडोक्रायनोलॉजिस्टकडे किंवा युरोलॉजिस्टकडे जायला हवं.

औषधाचा हिशेब

बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर स्वतःचं एलएच आवरतं आणि शुक्राणूंची निर्मिती मंदावते. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९०च्या अभ्यासात निरोगी पुरुषांना दर आठवड्याला २०० मिलिग्रॅमचं इंजेक्शन दिलं. सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांच्या वीर्यात शुक्राणू उरले नाहीत. तो अभ्यास गर्भनिरोधनासाठीच होता. मूल हवं असलेल्या तरुणाने ही गोष्ट पहिल्याच भेटीत डॉक्टरांना सांगायला हवी.

या औषधाने हृदयाला धोका वाढतो का, याचं उत्तर २०२३च्या ट्रॅव्हर्स चाचणीत मिळालं. हृदयविकाराचा धोका असलेल्या, पातळी कमी असलेल्या पाच हजारांहून अधिक पुरुषांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयरोगाने मृत्यू यांचं प्रमाण औषध घेणाऱ्यांत ७ टक्के, तर न घेणाऱ्यांत ७.३ टक्के होतं. पण हृदयाची अनियमित लय आणि फुफ्फुसातली रक्ताची गुठळी औषध घेणाऱ्यांत जास्त आढळली. औषधाने रक्त दाटही होतं. हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातल्या तांबड्या पेशींचं प्रमाण, ५४ टक्क्यांच्या वर गेलं, तर उपचार थांबवावे लागतात.

एवढं असूनही अमेरिकन युरॉलॉजिकल असोसिएशनच्या २०१८च्या मार्गदर्शिकेनुसार टेस्टोस्टेरॉन सुरू केलेल्यांपैकी २५ टक्क्यांपर्यंत पुरुषांची आधी तपासणीच झालेली नसते. उलट टोकाला, एका आकड्यावरून घाबरणारेही आहेत. सकाळचे दोन रिपोर्ट, जुळणारी लक्षणं आणि एलएचचा आकडा हातात नसताना कुणी इंजेक्शन लिहून देत असेल, तर कारण विचारायचा हक्क पेशंटला आहे.